फुग्यामागची दोन अक्षरं

बोटीला बांधलेला फुगा पुन्हा सरकला होता. फार नाही, तळहाताच्या रुंदीएवढाच. पण तेवढ्यानंही मागच्या अक्षराची एक तंगडी उघडी पडली होती, काळी, जाड, पावसानं धुऊन चकचकीत झालेली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसली असती, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला एक तंगडीसुद्धा पुरे… इर्यानं इकडेतिकडे पाहिलं. तरंगत्या धक्क्याच्या फळ्या ओल्या होत्या, शेजारच्या बोटीवर टोर्विक आपल्या खेकड्यांच्या सापळ्यांवर वाकला होता, नदीवर धुकं होतं. ती गुडघ्यांवर बसली, एका हातानं कठडा धरून ओणवी झाली आणि दोरी ओढून तिनं तो रबरी फुगा जागच्या जागी आणला. अक्षरं गेली. छातीतलं काहीतरी तात्पुरतं खाली बसलं.

दोन बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून सगळेच असले फुगे बांधतात, पण कुशीला, मधोमध, जिथे धक्का लागतो तिथे. त्यांच्या बोटीचा, 'लोक्की'चा फुगा मात्र पार पुढे, नाळेपाशी, बोटीच्या टोकाला, जिथे घासण्याचा काही संबंधच नव्हता. तिथे होती ती ओ आणि आर ही अक्षरं, आणि त्यांच्यापुढे आकडे. ऑरेगनची, पलीकडच्या राज्याची बोट. दुसऱ्या बाजूलाही तीच अक्षरं होती, पण ती बाजू नदीकडे. तिकडून पाहणार कोण, तर पाण्यातले सील. आणि सील, तिचा नवरा आर्वो म्हणायचा, कर भरत नाहीत, म्हणून चुगलीही करत नाहीत.

नदीच्या त्या काठाला विक्रीकर नाही, या काठाला आहे. त्यामुळे या काठचं सगळं गाव पूल ओलांडून पलीकडे जातं, टायर आणतं, फ्रीज आणतं, लेकीच्या लग्नाचे बूट आणतं. इकडे आणलेल्या वस्तूचा कर इकडे भरायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी भरत नाही. बुटांवर कुठे राज्याचं नाव लिहिलेलं असतं? बोटीवर मात्र ते लिहावं लागतं, वीतभर उंच, दोन्ही गालांवर. म्हणून आर्वोनं बोट घेतली ती पलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, एन्सिओच्या पत्त्यावर. भावाचं घरही नव्हे— एन्सिओनं आपल्या परसातल्या सॉनाच्या दारावर टपालपेटी ठोकली आणि वर आर्वोचं नाव रंगवलं. कागदोपत्री आर्वो कल्लुंकी वाफेच्या खोपटात राहत होता. शनिवारी अंघोळीला जमले की हसून हसून दोघा भावांच्या अंगावरचा घाम वाळायचा.

इर्या हसायची नाही. ती दाराकडे बघायची.

कालपासून तर ती दाराकडेच बघत होती. काल दुपारी कुणी करड्या जाकिटातला माणूस धक्क्यावर फिरून गेला, बोटींचे फोटो काढत. हे टोर्विकनंच सांगितलं, चघळत चघळत, जणू मासा गावला तसं. "पर्यटक असेल गं," तो म्हणाला, आणि मग, "पण पर्यटक नाळेचे फोटो काढत नाहीत, सूर्यास्ताचे काढतात."

रात्रभर तिच्या मिटल्या डोळ्यांमागे ते जाकीट फिरत राहिलं. त्याला चेहरा नव्हता. चेहरा यायचा तो फार जुना, तिच्या लहानपणचा, हॅट घातलेला… आईनं कॉफी टाकली होती, वेलदोड्याचा पाव कापला होता, आणि कम्युनिस्टांचा माग काढणारे ते दोघे सरकारी पुरुष पाव खात खात विचारत होते की, बाई, फिनलंडहून आलेल्या लोकांच्या सभागृहात तुमचा नवरा कधी जायचा, कुणाकुणाबरोबर जायचा, कुठलं वर्तमानपत्र घ्यायचा. आई म्हणत होती, आणखी पाव घ्या. एवढंच. ते गेल्यावर तिनं त्यांच्या बश्या दोनदा धुतल्या आणि इर्याला मांडीवर घेऊन डोलत राहिली—

*दारी कोण आलं, बाई? आला नदीचा वारा…*
*घरात कोण आहे, बाई? चुलीतला निखारा…*

निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची असते, हे इर्या त्या मांडीवर शिकली. नाव विचारलं तर पाव पुढे करायचा. सही मागितली तर चष्मा सापडत नाही म्हणायचं. असली बाई आर्वोसारख्या हसऱ्या माणसाच्या पदरी पडली, आणि त्यानं तिला न विचारता एक वीतभर उंचीचं खोटं घरासमोर पाण्यावर तरंगत ठेवलं!

आणि मार्चमध्ये तो गेला. सकाळी मोजे घालता घालता, एक पायात आणि एक हातात.

आज पहाटे एन्सिओचा फोन आला होता. "वहिनी, मी दुपारच्या भरतीला येतो. लोक्कीला घेऊन जातो इकडे. काटा काढून टाकू एकदाचा."

"घेऊन जातोस म्हणजे?"

"म्हणजे तिच्या गावी नेतो. कागदावर ती इथलीच आहे ना? आर्वोही इथलाच. मेला तरी माझ्या सॉनातून हलत नाही लेकाचा, आणि भाड्याचं नाव नाही!" तो हसला, आणि हसू मध्येच कुठेतरी मोडलं. मग हलक्या आवाजात, "तुला चालवता येत नाही, वहिनी. उगाच कशाला जीव टांगून घेतेस? तू म्हणतेस तो जाकीटवाला आलाच तर रिकामी जागा बघेल नि जाईल."

ती बरं म्हणाली. नेहमीच म्हणायची. फोन ठेवल्यावर कळलं की पलीकडे गेलेली लोक्की परत यायची नाही; पानगळीपर्यंत एन्सिओ ती विकून टाकील, पैसे पाकिटात घालून आणून देईल, डोळे पुसेल. ती राहू द्यायची असेल तर एकच वाट होती. कचेरीत जायचं, कर भरायचा, बोट आपल्या नावावर करायची. आणि त्यासाठी एका परक्या माणसासमोर मोठ्यानं म्हणायचं की माझा नवरा कधीच पलीकडे राहत नव्हता. तो माझ्याजवळ राहत होता. तो खोटं बोलला.

मेलेल्याची चुगली… आईनं जिवंतांचीही केली नव्हती.

तरी ती गेली. कशी गेली ते तिलाच कळलं नाही. फुगा सारखा करून ती गाडीत बसली ती घरी जाण्यासाठी, आणि गाडी कचेरीपुढे थांबली. बोटी आणि गाड्यांच्या नोंदणीची खिडकी एकच. खिडकीमागे मारिसेला नावाची गुबगुबीत मुलगी होती, छातीवर नावाची पट्टी, दातांत पेन.

"सांगा बाई."

इर्याच्या जिभेवर पहिला शब्द आला तो 'पाव'. तिनं तो गिळला. "बोट आहे. नवऱ्यानं पलीकडून घेतलेली. तो वारला."

"अरेरे. माझ्या आजोबांचीही अशीच होती बघा. तुमच्या नावावर करायची?"

"हो… म्हणजे, कर…"

"तो तर लागणारच. थोडा दंडही बसेल उशिराचा. घाबरू नका, लोक येतात असे. निम्मं गाव येऊन गेलंय या खिडकीशी, फक्त एकमेकांना सांगत नाही." तिनं एक कागद पुढे सरकवला. "माफीचा अर्ज जोडू, बघू काय करतात ते. पण आधी सांगा, बोट इकडे कधीपासून आहे? आणि ते राहायचे कुठे?"

इतकंच? इर्या काचेकडे पाहत राहिली. काचेत तिचाच चेहरा होता, हॅट नव्हती. ज्या दारामागे ती इतकी वर्षं श्वास रोखून उभी होती, त्या दारात ही पोरगी, पेन चावणारी, आजोबांची आठवण काढणारी. आता हायसं वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. हायसं वाटेना. उलट पहिल्याहून मोठी, बिननावाची भीती वर आली— उद्या सकाळी मी काय करू?

"बाई? राहायचे कुठे ते?"

"विक्रीची पावती गाडीत राहिली," इर्या म्हणाली. पावती तिच्या पर्समध्ये होती. "आणते हं."

"आणा की. मी जेवायलाही इथेच असते."

ती आली ती थेट धक्क्यावर. धुकं विरलं होतं. पुलाचा मधला उंचवटा दिसू लागला होता, त्यावरून एन्सिओची बस यायची होती. पाणी चढत होतं; सगळ्या बोटी एकेक श्वास वर येत होत्या.

उद्या सकाळी… मार्चपासून एक सकाळ तिनं चुकवली नव्हती. उठायचं, कॉफीही न घेता यायचं, फुगा बघायचा, ओणवं व्हायचं. त्याआधी हे काम आर्वोचं. मग शेवटच्या हिवाळ्यात त्याला वाकवेना, तेव्हा ती गुडघ्यांवर बसायची आणि तो मागे उभा राहून तिच्या कोटाचं टोक मुठीत धरून ठेवायचा. "पडलीस तर दोघं जाऊ," म्हणायचा. "एकाच करात दोन!" ती चिडायची, थरथरायची, रस्त्याकडे बघायची, आणि पाठीवर, कमरेच्या जरा वर, तो ओढा असायचा… मूठभर. आयुष्यभर ती आईची भीती बाळगत आली होती, पण ही, ही फुग्याची भीती, त्या दोघांची होती. ती तिनं दुधावरच्या सायीसारखी रोज सकाळी उचलून जपली होती. कर भरला की तिची गरज संपणार. बोट पलीकडे गेली तरी संपणार. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. तो नसलेल्या सकाळी.

ती गुडघ्यांवर बसली. सवयीनं दोरीला हात घातला. गाठ आर्वोची होती, खाऱ्या पाण्यानं दगड झालेली; तिनं दातही लावले. सुटली.

फुगा मांडीवर घेऊन तिनं पाहिलं. लोक्कीचा निळा रंग सगळीकडे उन्हानं पांढुरका पडला होता. फक्त फुग्यामागचा तो वाटोळा तुकडा विकत घेतली त्या दिवशीसारखा निळा होता, ओला, कोवळा, जणू त्याला दिवस दिसलेच नव्हते. आणि त्या निळ्यावर अक्षरं जवळजवळ नव्हतीच. घासून घासून फुग्यानं ती पुसत आणली होती. रस्त्यावरून दिसली असती ती फक्त कडेची ती एक तंगडी.

"काय गं इर्या," टोर्विक ओरडला, "झेंडा उतरवलास? शरण आलीस की काय?"

"धुवायला काढलाय."

"चांगला मुहूर्त धरलास! तुझा दीर येतोय न्यायला, नि तू नवरीचं नाक उघडं टाकतेस होय!"

तिला ती अक्षरं जवळून बघायची होती. एका हातानं फुगा पोटाशी धरून, दुसऱ्यानं कठडा धरून ती पुढे झुकली, रोजच्याहून थोडी जास्त. खाली पाणी हिरवं, जाड, वर चढणारं. मागे कोट वाऱ्यानं हलला. कुणी धरला नव्हता. कमरेच्या जरा वर, तिथे, थंड लागलं.

पुलावर बस दिसत होती, चढावर, किड्याएवढी. पर्समध्ये पावती होती. इर्या भ्याली होती, आणि ही भीती आईची नव्हती, हॅटवाल्यांची नव्हती, आर्वोचीही नव्हती. पाण्यात पडेन, एवढीच होती ती. साधी, नवी, तिची एकटीची. ती तशीच झुकून राहिली. कठड्यावरची पकड तिनं जरा बदलली, अधिक घट्ट केली, आणि मारिसेलाच्या त्या प्रश्नाचं उत्तर जुळवत, राहायचे कुठे, राहायचे कुठे ते, असं ओठांतल्या ओठांत पुन्हापुन्हा म्हणून बघू लागली.