तिसऱ्या पुलापर्यंतचा बैल

कुणाला पटणार नाही, तरी सांगतो. पण हातातली कॉफी आधी प्या. तिच्यासाठी मी काल अख्खा बैल खर्ची घातलाय.

महिनाभर आमच्या घरात जवाची कॉफी होती, साबण राखेचा आणि चरबीचा, आणि साखर माझ्या बायकोनं, विडोसावानं, कुलपात घातलेली, माझ्यापासून. दिनारचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. पेन्शन हातात पडली की म्हातारे तसेच दुकानाकडं पळत. एक रात्र घरी ठेवली की तिची काड्यापेटी व्हायची. सगळ्यात काटछाट केली, पण घरच्या संताचा, निकोलाचा दिवस कसा काटणार? ह्या सणाला कुणाला बोलवत नाहीत, म्हणून कुणाला येऊ नका असंही सांगता येत नाही. माझ्या आज्यानं लढाईतसुद्धा दार लावलं नव्हतं.

परवा विडोसावा खिडकीपाशी शिवत होती. यंत्राचं चाक तळहातानं थांबवलं अन् म्हणाली, "मेणबत्ती, साखर, कॉफी, मासा. ह्यातलं एक जरी कमी पडलं तर मी दार उघडायची न्हाई. तुमी उघडा, अन् तुमीच लोकांना तोंड दाखवा."

म्हणून काल उजाडताच बैल बाजारात नेला. नऊला विकला. पोतंभर नोटा! पण बाजारातली दुकानं रिकामी. माल होता तो आमच्या गावच्या बुदिमिरकडं, अन् तो बाराला कुलूप लावतो. वाट चार कोसांची, चिखल घोट्यापर्यंत.

पहिल्या पुलावर समोरून येणाऱ्या बसवाल्यानं खिडकीतून नवा भाव सांगितला. पोत्यात आता गायच उरली होती. दुसऱ्या पुलापर्यंत तिची मेंढी झाली. मी पळत सुटलो. टोपी पडली, पण वाकलो नाही. वाकण्यात एक कोंबडी गेली असती. तिसऱ्या पुलावरून बघतो तर बुदिमिर शिडीवर, हातात खडू, भावाच्या फळ्यावर शून्यं वाढवतोय. मी दारात जाऊन आपटलो. तो वरूनच म्हणाला, "मिलिसाव, फळ्यावर जागा संपली. दुसरा फळा आणस्तोवर घे काय घ्यायचं ते."

तेवढ्यात घेतलं सगळं. माशासकट. ती बघा मेणबत्ती, खिडकीपाशी कशी सरळ जळतीय.

पाहुणे हसले. बुदिमिरला ओळखणारे जरा जास्तच हसले. तेवढ्यात मागून, अंगणापलीकडून, लांबलचक हंबरणं आलं.

माझा कुम रातोमिर, माझ्या पोरांचा धर्मपिता, त्यानं कप खाली ठेवला.

"कुमा, बैल तू इकलास," तो हळू म्हणाला. "मग गोठ्यात हंबरतंय कोण?"

विडोसावा तबक घेऊन दारातच थांबली. रातोमिरनं अंगातल्या कोटाची बाही चाचपली, तिनंच शिवलेली, अन् जळत्या मेणबत्तीकडं बघत राहिला.

"अन् वैनी, त्या मेणबत्तीच्या जागी तुमचं शिवणयंत्र असायचं न्हवं?"