ढकलण्याआधीची माफी

प्रश्न १. मूल कुणाला घाबरतं का?

सोन्जूने प्रवेशाच्या फॉर्मवर आधी ‘नाही’ लिहिलं. मग काचेपलीकडे पाहिलं आणि लिहिलेलं खोडलं.

पलीकडे निळ्या गादीवर तिची दुसरीतली मुलगी, दान्बी, तिसऱ्यांदा आपटली होती. समोर पाचवीतली एक मुलगी उभी: लाल पट्टा, घट्ट वेणी, हात पाठीमागे. खेळ सोपा होता. गोल आखलेला, त्याच्या बाहेर जायचं नाही. दान्बी तीनदा बाहेर गेली आणि तिन्ही वेळा पाठीवर. ती रडली असती तर सोन्जूला बरं वाटलं असतं. पण तिने नुसती पँट झटकली आणि काचेकडे पाहिलं.

तायक्वांदोचा हा पहिला तास फुकट होता. तसं क्लासच्या व्हॅनवरच लिहिलेलं होतं, पिवळ्यावर लाल.

टेबलापलीकडे पांगबाई बसल्या होत्या, ग्वानजांगची बायको. ग्वानजांग म्हणजे क्लासचे मुख्य गुरू. दक्षिण कोरियातल्या गिम्हे शहराच्या त्या सगळ्या वसाहतीत असंच चालतं. गुरू मुलांना लाथा शिकवतो, गुरूची बायको आयांना खुर्चीत बसवते. पांगबाईंनी बार्लीचा गरम चहा पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला.

“मी काही म्हणत नाही हं, दान्बीची आई. तुम्हीच पाहिलंत. एकदा तरी हात वर केले का तिने?”

सोन्जूने कप हातात घेतला.

“इथे गादी आहे. शाळेत गादी नसते.”

मग पांगबाई गप्प बसल्या. ही गप्प बसण्याची कला सोन्जूला ओळखीची होती. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करायची. पोर दिवसातून किती तास फोन बघतं, एवढंच ती आयांना विचारायची आणि मग काच पुसत बसायची. महागडी काच त्या शांततेतच विकली जायची. म्हणजे वैद्याला स्वतःच्या औषधाची चव माहीत होती, तरी त्याने ते प्यायलंच.

वर्षाच्या फीवरची सूट फक्त हा तास संपेपर्यंत आहे, असं पांगबाईंनी घड्याळाकडे न बघता सांगितलं. आईने मुलीसमोर निर्णय घेतला तर मुलीला आईचा विश्वास दिसतो, हेही सांगितलं. तेवढ्यात आतून गणवेश आला. कोरा, घडीचा, आणि छातीवर निळ्या अक्षरांत ‘दान्बी’. तीन दिवसांपूर्वी फोनवर नाव आणि उंची विचारली होती ती यासाठी. सोन्जूला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

तिने वर्षभरासाठी सही केली. भीतीने केली, हे खरं. पण शाळा दीडला सुटायची आणि दुकान साडेसहाला. नवरा कोजे बेटावरच्या जहाज-कारखान्यात, शनिवारी उगवणारा. सासूबाईंचे गुडघे नुकतेच बदललेले. मधल्या पाच तासांना भिंती हव्या होत्या. पिवळी व्हॅन शाळेच्या फाटकावर वेळेवर यायची, यात वसाहतीतल्या कुणाचंच दुमत नव्हतं.

(हा प्रश्न फॉर्मवर नव्हता)

न्हाणीघरात पाठीवर पाणी घेताना दान्बी म्हणाली, “हारांगताई वाईट नाहीये.”

“कोण हारांगताई?”

“ढकलणारी. तिने माफी मागितली ना.”

“मागायलाच हवी. तीनदा पाडलं तुला.”

“पाडल्यावर नाही. आधी. कानात म्हणाली, माफ कर हं. मग ढकललं.”

सोन्जूने नळ बंद केला.

दुकानात नंबर काढताना ती दोन काचा आलटून पालटून धरायची: ही स्पष्ट की ही? ही की ही? माणसं कंटाळून काहीतरी सांगतात, म्हणून तीच जोडी थोड्या वेळाने पुन्हा धरायची. तिने तेच केलं. आधी धक्का की आधी माफी? टॉवेल गुंडाळताना पुन्हा विचारलं. भात वाढताना पुन्हा. तिसऱ्यांदा दान्बी चिडली. “आधी माफी, आई. किती वेळा सांगू?”

चुकून धक्का लागला तर माणूस नंतर माफी मागतो. आधी मागतो तो कधी? जेव्हा कुणी तरी करायला सांगितलेलं असतं.

गणवेश खुर्चीवर टांगलेला होता. सोन्जूने निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. होकाराच्या आधी नाव. धक्क्याच्या आधी माफी. त्या क्लासात सगळंच जरा लवकर येत होतं.

प्रश्न ४. मुलाचा स्वभाव थोडक्यात लिहा.

ग्वानजांग पांग यांचा स्वभाव: शांत. सोन्जू दुसऱ्या दिवशी दुकानातून तासाभराची सुट्टी काढून गेली, तेव्हा ते उभे राहिले, कमरेत वाकले, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की या वयात आधी-नंतरची गल्लत होते. शिवाय हारांग फार संस्कारी मुलगी आहे. इथे पहिला धडा लाथेचा नसतो, नम्रतेचा असतो. दोन्ही खेळाडू लढण्याआधी वाकतात ते का?

उत्तर इतकं बिनचूक होतं की सोन्जूचा संशय दुप्पट झाला.

त्यांनी हारांगलाही बोलावलं. पोरगी आली आणि स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहत म्हणाली, आठवत नाही. पांगबाई मागून म्हणाल्या, नाव छापलेला गणवेश परत घेता येत नाही, वर्षाच्या सवलतीत भरलेले पैसेही परत मिळत नाहीत, सहीखालीच लिहिलंय ते. मग अगदी मायेने: “आणि दीड वाजता ती कुठे जाईल हो, दान्बीची आई?”

खाली पिवळी व्हॅन सुरू झाली. दान्बी खिडकीतून हात हलवत होती. वसाहतीतल्याच राओनच्या शेजारी बसली होती, हसत होती.

खर्डा पहिला

वसाहतीच्या आयांचा ऑनलाइन कट्टा आहे. तिथे दातांच्या डॉक्टरपासून कोबीच्या भावापर्यंत सगळ्याची साल निघते. सोन्जूने जेवणाच्या सुट्टीत, काचा घासण्याच्या यंत्राशेजारी बसून लिहिलं:

*या फसव्या क्लासपासून सावध राहा. मुलांना मुद्दाम*

पुसलं.

खर्डा तिसरा

*माझ्या मुलीला पहिल्या तासाला जे झालं ते मला विचित्र वाटलं. कदाचित माझीच चूक असेल, पण*

पुसलं. हे दुकानात येऊन ‘मला चष्मा नको’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखं झालं.

खर्डा चौथा, जो टाकला

*प. तायक्वांदो, दुसऱ्या फाटकासमोर. फुकटच्या तासाला एका मोठ्या मुलीने माझ्या मुलीला तीनदा पाडलं. दर वेळी पाडण्याआधी कानात माफी मागितली. मी वर्षाची सही केली. तुमच्या मुलांना विचारून बघा.*

नाव पूर्ण लिहायचं नाही, पहिलं अक्षर पुरे, हा कट्ट्याचा रिवाज. कुणावर बोट ठेवायचं नाही आणि सगळ्यांना कळेल असं ठेवायचं.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस उत्तरं आली. त्यातली काही:

*माझा मुलगाही पडला होता. मला वाटलं तो अशक्त आहे. दोन वर्षं फी भरतेय.*

*आमच्याकडेही गणवेशावर नाव आधीच होतं!*

*तायक्वांदोत पडणारच. पियानोला घाला.*

*तुम्ही नक्की आई आहात का? की समोरच्या दुसऱ्या तायक्वांदो क्लासच्या?*

*हो, मलाही तेच वाटतंय. अशी पोस्ट कोण टाकतं?*

शेवटचं उत्तर टोपणनावाने होतं, पण त्या टोपणनावामागे राओनची आई आहे, हे सोन्जूला माहीत होतं. हा क्लास सोन्जूला सुचवणारीही तीच. सोन्जूने ते उत्तर बराच वेळ पाहिलं. मग तिला आठवलं की नवीन मूल आणणाऱ्याला एक महिना फुकट, असा कागद क्लासच्या जिन्यात चिकटवलेला होता. इतकी वर्षं जिच्याबरोबर किमचीचं लोणचं घातलं, तिच्याबद्दल असलं काही मनात यावं याची तिला लाज वाटली. पण आलं ते आलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टच्या जागी एक करडी चौकट होती. संबंधितांच्या विनंतीवरून हा मजकूर तीस दिवस दिसणार नाही.

नवरा फोनवर म्हणाला, “पुढे वाढवू नकोस. खरं लिहिलं तरी बदनामीचा खटला होतो इथे.”

“खरं लिहूनसुद्धा?”

“खरं लिहिलं म्हणूनच तर लोक चिडतात.”

तीस दिवसांनी पोस्ट परत आणण्यासाठी अर्ज करायचा होता. सोन्जूने केला नाही. एवढ्यात दान्बी दोरीवरच्या उड्या शंभरपर्यंत मारायला लागली होती. घरात ओरडून लाथ मारायची, झोपेतही मूठ वळायची. पांगबाई भेटल्यावर पूर्वीपेक्षा जास्त वाकायच्या. जणू काही झालंच नव्हतं, आणि काही झालंच नसेल तर त्या इतक्या का वाकतात, हे सोन्जूला कळत नव्हतं. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत पाहू, असं तिने ठरवलं. पाहू म्हणजे काचेपाशी उभं राहू. पण काचेपाशी उभं राहायला वेळ लागतो, आणि वेळ असता तर क्लासच लागला नसता.

दुरुस्ती-पावती

*नग: मुलीचा चष्मा. डावी काडी वाकलेली, नाकावरची एक गादी गहाळ. नाव: ओक युजू, इयत्ता पहिली. फोन: आईचा.*

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ही मायलेकींची जोडी दुकानात आली. आईच्या हातात कोरी कापडी पिशवी होती, पिवळ्यावर लाल. सोन्जूने काडी सरळ करायला गरम वाळूत धरली आणि विचारलं, कशी वाकली?

पडली, आई म्हणाली. तायक्वांदोचा पहिला तास होता. आमची फारच बुजरी आहे हो, हातसुद्धा वर करत नाही. वर्षभराचं नाव घालून आले. पिशवीत गणवेश आहे, नाव छापून तयारच ठेवला होता, किती व्यवस्थित लोक.

सोन्जूचं बोट वाळूला लागलं. तिने ते तोंडात घातलं आणि काउंटरवरून वाकून त्या लहानगीला विचारलं, “तुला जिने ढकललं ना, त्या मोठ्या ताईने आधी माफी मागितली का?”

युजूने मान हलवली. नाही.

“काहीच नाही म्हणाली?”

“काहीच नाही.”

एका क्षणात सोन्जूला हलकं वाटलं. म्हणजे ते खोटंच होतं. दान्बीचीच गल्लत. ग्वानजांग पांग म्हणाले तसंच.

“आणि मोठी कुठली,” आई हसत म्हणाली. “जेमतेम वर्षाने मोठी असेल. पिवळा पट्टा. पण काय ताकद. मी बाईंना म्हटलं, माझी अशी झाली तर गंगेत घोडं न्हालं. तर त्या म्हणाल्या, हीसुद्धा पहिल्या दिवशी अशीच पडली होती, आता पाहा.”

युजूने चष्मा डोळ्यांवर चढवला, सोन्जूकडे पाहिलं आणि म्हणाली, “तिच्या छातीवर दान्बी लिहिलं होतं.”

प्रश्न ९. क्लासकडून तुमची काय अपेक्षा आहे?

दान्बी बूट काढता काढताच सांगायला लागली. आज ग्वानजांगनी सगळ्या पिवळ्या पट्ट्यांतून तिला निवडलं. नवीन मुलीला मदत करायला.

“कसली मदत?”

“गोलातून बाहेर काढायचं. म्हणजे तिला कळतं की तिला शिकायची गरज आहे.”

“तिचा चष्मा वाकला, दान्बी.”

दान्बी थबकली. “तुला कसं माहीत?” मग घाईघाईने: “मी जोरात नव्हतं ढकललं.”

सोन्जू खाली बसली, तिच्या उंचीला आली. विचारायचं एकच होतं.

“आधी माफी मागितलीस का?”

“नाही मागायची आता.” दान्बीने नियम सांगावा तसं सांगितलं. “माफी मागितली की आयांना कळतं. हारांगताईला त्याच्यावरून ओरडा बसला होता. कुणीतरी लिहिलं होतं ना.”

क्लासला सोन्जूकडून एकच तक्रार मिळाली होती, आणि त्यांनी ती मनापासून दूर केली होती.

सोन्जूने मुलीचा पट्टा सोडला. तो सुटायला वेळ लागला. गाठ दान्बीने स्वतः मारली होती, आणि चांगली घट्ट मारली होती. उद्यापासून दीडला दुकानात यायचं, ती म्हणाली. काचांच्या कपाटामागे एक स्टूल आहे, मालकांना मी सांगते. दान्बी रडली. त्या दिवशी गादीवर रडली नव्हती तेवढं सगळं आता रडली, आणि आपण आता निवडलेल्यांतले नाही याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. तेही सोन्जूने ऐकून घेतलं.

मग पर्समधून दुरुस्तीची पावती काढली. दान्बीला शेजारी बसवलं आणि म्हणाली, “ऐक. तुझी माफी आता मी मागते.”

फोनची घंटी चार वेळा वाजली.

“युजूची आई? मी चष्म्याच्या दुकानातून. नाही, चष्मा ठीक आहे. आधी माफी मागते, मग सांगते.”

तिने सगळं सांगितलं. गोल, धक्का, गणवेशावरचं नाव, आणि नेमून दिलेली मुलगी. क्लासचं नाव पूर्ण घेतलं, नुसतं पहिलं अक्षर नाही. पलीकडे शांतता. ती शांतता सोन्जूला चांगलीच ओळखीची होती. माणूस आपण केलेल्या सहीची बाजू मनात मांडत असतो.

शेवटी आवाज आला, सावध, थोडा कडक. “एक विचारू का? तुम्ही समोरच्या तायक्वांदोच्या आहात का?”

दान्बी तिच्याकडे बघत होती.

“नाही,” सोन्जू म्हणाली. “मी ढकलणारीची आई.”