ओळंब्यातला कोपरा

लेकीने ब्रश बाजूला ठेवून ओल्या फडक्याने विटांवरची माती टिपली, आणि खड्ड्याच्या काठी स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने विटांची रचना ओळखली. खड्ड्यातला हौद त्याचाच होता!

पन्नास वर्षांपूर्वी सिमेंट औषधालाही मिळत नव्हतं, तेव्हा पाडलेल्या जुन्या सराईच्या विटा आणून, चुना मळून त्यानेच तो बांधला होता. आणि पुरातत्त्व खात्यातली ही त्याची लेक आठवडाभर साऱ्या गल्लीला सांगत होती, हौद दोनशे वर्षांचा आहे म्हणून. खात्याच्या साहेबांना पटलं तर गल्लीतली बत्तीस घरं वाचणार. नाहीतर सोमवारी बुलडोझर. गवंड्याचं घर त्यातलंच. खरं सांगावं तर घरं जाणार, गप्प बसावं तर उद्या बिंग फुटून लेकीची नोकरी. इकडे आड, तिकडे विहीर.

"अगं, एक सांगायचं होतं."

"आत्ता नको बाबा. साहेब आलेच."

साहेब खाली उतरले. विटा मोजल्या, चुना नखाने खरवडला. गवंडी स्टुलावर पुढे सरकला.

"विटा जुन्या आहेत खऱ्या," साहेब म्हणाले. "पण हा कोपरा कललाय. कोणा शिकाऊचा हात दिसतो."

गवंड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कललाय? त्याचा कोपरा? उभ्या जन्मात असं बोलायची कोणाची छाती झाली नव्हती!

"काय आजोबा, तुम्ही इथले जुने ना? कोणी बांधला, काही ऐकिवात आहे?"

गवंडी उठून उभा राहिला. काठावर जमलेली गल्लीतली माणसं त्याच्याकडे बघत होती. लेक मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

"आमच्या आजोबांच्याही आधीचा आहे," तो म्हणाला. "असेल कोणी शिकाऊ."

साहेबांनी कागदावर सही केली. त्यांची गाडी वळली तशी गल्लीत एकच कालवा झाला. कोणीतरी गवंड्याला मिठी मारली. त्याचं लक्षच नव्हतं.

लेक खड्ड्यातून वर आली, हात झटकत त्याच्याजवळ उभी राहिली.

"बाबा, कोपरा अगदी ओळंब्यात आहे, तुमच्या सगळ्या कोपऱ्यांसारखा. परवाच लावून बघितला मी."

"मग साहेबांना बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"