तिसरा वाफा

मी शरद टेंबे. चौतीस वर्षं इंदूरच्या सफाई खात्यात काढली. स्वच्छतेत आमच्या शहराचा पहिला नंबर आला की आजही मला वाटतं, त्यात एक झाडू माझा आहे. माझं नाक तिखट, आणि स्वभावही तसाच, असं घरातले म्हणतात. वास आला की ब्लीचिंग पावडर, साहेब येणार असले की रस्त्याच्या कडेने चुन्याची रेघ. एवढ्यावर माझी नोकरी बिनतक्रार पार पडली.

आणि माझी लेक शमिका जंतू पाळते. बापाने जन्मभर मारले, ही त्यांना खाऊ घालते. याला काय म्हणावं?

बेटमा रस्त्यावर डिझेलचा एक बंद डेपो आहे. जमिनीखालची टाकी गंजून वर्षानुवर्षं गळत होती. माती काळी, चिकट, गवताची काडी उगवत नव्हती. ती साफ करायचं काम शमिका नोकरी करते त्या छोट्या कंपनीने घेतलं आणि तिच्यावर सोपवलं. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. तिने माती उपसून चार लांब वाफे केले, शेणखत मिसळलं आणि तेल खाणारे जंतू त्यात सोडले. आठवड्यातून दोनदा माती वरखाली करायची, ओल राखायची. बाकीचं काम जंतूंचं. सहा महिन्यांनी तेलाच्या तपासणीत चारही वाफे पास झाले तर माती तिथेच राहणार होती. एक जरी नापास झाला, तरी सगळी माती डंपरमधून घातक कचऱ्याच्या खड्ड्यात जाणार, आणि पोरीची पद्धत मोडीत निघणार.

दुसऱ्या महिन्यात सरकारी पाहणी ठरली. आदल्या दिवशी शमिका भंवरकुआंच्या लॅबमध्ये गेली होती, म्हणून मी सहज साइटवर चक्कर मारली. तिसऱ्या वाफ्याला डिझेलचा आणि शेणाचा असा वास मारत होता की माझे हात शिवशिवले. लेकीची पाहणी, आणि हा वास? दोन पोती ब्लीचिंग पावडर मागवली, वाफ्यात नीट कालवली, पाणी मारलं, चारी बाजूंनी चुन्याची रेघ ओढली. वास गेला. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

संध्याकाळी शमिका आली. तिने रेघ पाहिली, मूठभर माती हुंगली आणि तिथेच खाली बसली.

"बाबा, ह्यात काय डाललं तुम्ही?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन महिने पोसलेले जंतू संपले, एवढंच म्हणाली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तिचे साहेब विजयजी व्यवहारी माणूस. त्यांनी फोनवर सांगितलं, त्या वाफ्यावर ताडपत्री टाक, पाहणीत तीनच दाखव. मला ते पटलं. चौतीस वर्षांत मी एकाही साहेबाला खराब जागा दाखवली नव्हती. गाडीच दुसऱ्या गल्लीने वळवायचो.

सकाळी तपासणीच्या मॅडम आल्या. शमिका त्यांना थेट तिसऱ्या वाफ्याशी घेऊन गेली.

"मैडम, ये बेड खराब हो गया है. ब्लीचिंग पावडर पड़ गई, गलती हमारी है. इसको मैं फिर से शुरू करूँगी."

माझं नाव तिने घेतलं नाही. मग मलाच राहवलं नाही. मी पुढे झालो आणि गलती मेरी है, लिख लीजिए, असं सांगून टाकलं. मॅडमनी लिहून घेतलं. मुदत मात्र वाढणार नाही म्हणाल्या.

शमिकाने पहिल्या वाफ्यातली जिवंत माती विरजणासारखी तिसऱ्यात घातली. फावडं मी उचललं. दर मंगळवारी आणि शनिवारी बसने बेटम्याला जायचं, माती उलटायची, आणि रात्री बायकोकडून कंबर शेकून घ्यायची. पहिला महिनाभर तेलाचा आकडा हलला नाही. त्याच सुमारास मॅडमनी शंका काढली, की बाकीच्या वाफ्यांतलं तेल नुसतं उन्हाने उडालं असेल. शमिकाने त्यांना माझा वाफा दाखवला. ऊन तेच, पाणी तेच, फक्त जंतू अजून रुजले नव्हते, म्हणून तेल जागच्या जागी. मॅडमनी शंका मागे घेतली. पुढच्या महिन्यात तोही उतरू लागला.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी साइटवरच्या मुकादमाने विचारलं, शरदजी, चुना मारायचा ना?

"नको भिया. कुछ मत डालो. जसं आहे तसं बघू देत."

चारही वाफे पास झाले. तिसरा अगदी काठावर, पण पास. शमिकाने स्वतः लिहिलेला अहवाल घरी आणला आणि माझ्यासमोर धरला. तिसऱ्या वाफ्यापुढे दोन ओळी होत्या: खराब करणारे, शरद टेंबे. दुरुस्त करणारे, शरद टेंबे.

पहिली ओळ काढू का, तिने विचारलं.

"खबरदार," मी म्हणालो.

नोकरीतली दोन प्रशस्तिपत्रं आमच्या बैठकीत टांगलेली आहेत. हा कागद मी त्यांच्या वर लावला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो, आणि खालची सही आधी वाचायला लावतो. सही माझ्या लेकीची आहे.