एका दिवसासाठी नेलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. लगेच दात दाखवू नका, मी दात घासायचा नव्हे! मी चित्रं रंगवायचा. लाकडी दांडी, मऊसूत केस आणि टोक असं, की मांजराची मिशी एका फटक्यात काढीन. ठकीच्या वाढदिवसाला रंगांच्या पेटीतून मी तिच्या घरी आलो. तिनं मला अजून रंगात बुडवलंही नव्हतं, तोच तिच्या आईनं मला उचललं.

"आजचा दिवस दे गं. संध्याकाळी परत आणते."

"नक्की?"

"अगदी नक्की!"

ती संध्याकाळ काही उगवली नाही.

ठकीची आई शास्त्रज्ञ होती. आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात, हे ती शोधत होती. आणि तेही कुणावर? पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांवर! प्रयोगशाळेत बाटल्याच बाटल्या. चिलटांना जराशी गुंगी द्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची आणि नर इकडे, माद्या तिकडे करायच्या. चिमट्यानं पंख मोडायचे, म्हणून मी. रंगांत न्हायला निघालेला मी चिलटांचा हमाल झालो! सुरुवातीला मला रडूच यायचं.

एकदा सुट्टी होती म्हणून ठकीही तिथे आली. मला पाहताच गाल फुगवून ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली. समोर फळीवर चिलटांची एक बाटली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, यातली एक माझ्यासारखीच रुसलीय बघ."

आई हसत आली आणि बघतच राहिली. सगळी चिलटं घोळक्यानं खात होती, एक मात्र दूर, काचेकडे तोंड करून. बाटली हलवली, तरी ती पुन्हा एकटीच. दुसऱ्या दिवशीही तेच. "हा रुसवा जन्मजात असेल तर?" आई पुटपुटली. त्या मादीचं नाव पडलं रुसूबाई.

आणि नेमकी रुसूबाईच बाटलीच्या तळाशी ओल्या खाद्यात रुतली! तशी दुसरी एकही नव्हती. आईनं मला बाटलीत सोडलं. "सांभाळ रे बाबा," ती चक्क माझ्याशी बोलली. मी केस पसरून हळूच रुसूबाईच्या पोटाखाली शिरलो आणि तिला वर काढलं. एक पाय हलला. मग दुसरा. आईनं माझा मुकाच घेतला! त्या दिवसापासून मी रडणं सोडलं.

पुढे रुसूबाईला पोरं झाली, तर सगळी गुण्यागोविंदानं नांदणारी. आईचा चेहरा पडला. पण त्या पोरांना पोरं झाली, तेव्हा त्यांत काही थेट आजीच्या वळणावर गेलेली निघाली! गुण हरवला नव्हता, एक पिढी नुसता दडी मारून बसला होता. आईनं त्या जनुकाचं नाव ठेवलं 'रुसू'. परदेशातले मोठमोठे शास्त्रज्ञ "रूझू, रूझू" करत भाषणं देऊ लागले. ठकीची हसून हसून पुरेवाट!

मग विद्यार्थी आले. ते ठकीच्या आईला 'बाई' म्हणत. बाईंचा एकच दंडक होता, "चिमटा नको, ब्रश घ्या. आणि काही वेगळं दिसलं तर फेकू नका, आधी नीट बघा." शिकून ते देशोदेशी पांगले. हळूहळू यंत्रं आली आणि मी एका खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी धूळ खात पडलो. कुणी हिंग लावून विचारेना. फार वाईट वाटायचं.

बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी जुने विद्यार्थी जमले. एकानं खण उघडला आणि ओरडलाच, "अरे, हा अजून आहे!" मी हातोहात फिरलो. गंमत म्हणजे कितीतरी जणांच्या खिशांतून माझे भाऊबंद निघाले. "बाई, आम्ही पण आमच्या विद्यार्थ्यांना चिमट्याला हात लावू देत नाही!"

ठकी आता स्वतः आई झाली होती. तिनं हात पुढे केला. "आई, झाली का गं संध्याकाळ?"

सगळे खो खो हसले. बाईंनी मला पुसून तिच्या हातात ठेवलं. "झाली बाई एकदाची," म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

घरी ठकीच्या मुलीनं मला लाल रंगात बुडवलं. आयुष्यातला माझा पहिला रंग! तिनं काय काढलं असेल? कोपऱ्यात बसलेलं एक चिलट, लालभडक डोळ्यांचं.

मित्रांनो, घोळक्यापासून दूर कुणी बसलेलं दिसलं, तर त्याला झटकू नका, जवळ जाऊन बघा. आणि हो, रंगवून झालं की मला स्वच्छ धुऊन ठेवा. केसांत रंग वाळला ना, की मीसुद्धा रुसतो!