सातवा फर्मा

“काकू, सातवा फर्मा उलटा शिवलाय तुम्ही,” फोरमन म्हणाला. “लक्ष कुठंय?”

छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात सव्वीस वर्षं झाली, पण काकूंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सोळा पानांचा घडी घातलेला फर्मा घ्यायचा, सुई घालायची, दोरा ओढायचा. वाचायचं मात्र नाही, हा तिथला शिरस्ता. वाचलं की हात अडखळतो. आज काकूंनी वाचलं होतं, कारण पानावर त्यांच्या मुलाचं पत्र होतं.

मुलगा लढाईवर गेला तो गेलाच. मागे राहिला पत्रांचा गठ्ठा. काकांना तो उघडायचा धीर कधी झालाच नाही. वर्षापूर्वी युद्धावर कादंबरी लिहिणारे साहेब घरी आले, आणि ‘आठवड्यात परत करतो’ म्हणून गठ्ठा घेऊन गेले. काकूही खुळ्यासारख्या देऊन बसल्या.

साहेब आज प्रती बघायला आले होते. काकू सुईसकट त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, ‘आई, माझ्या रक्ताने ही माती भिजू दे’ असं माझ्या मुलाने लिहिलं नव्हतं.”

“काकू, ही कादंबरी आहे. सैनिकाच्या मनातली आग वाचकाला जाणवायला नको?”

“आग कसली हो? मोजे ओले होते त्याचे. भीती वाटते, कसंही करून मला घरी बोलावून घे, असं लिहिलं होतं त्याने.”

साहेब चुळबुळले. “ते छापलं असतं तर तुमच्याच मुलाची शोभा झाली असती.”

“मग माझी पत्रं द्या परत.”

“ती मी हस्तलिखिताला टाचून इथेच दिली होती.”

फोरमनने मान खाली घातली. छपाई झाली की हस्तलिखित रद्दीत जातं, आणि रद्दीची गाडी सोमवारीच येऊन गेली होती. काकूंना रडू आलं नाही, संताप आला. पण तो काढायचा कुणावर? त्यांनी उलटा फर्मा उसवला आणि सुलटा शिवला.

साहेबांनी जाताना एक प्रत काकूंच्या हातात ठेवली होती. संध्याकाळी ती काकांनी उघडली. ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, डोळे पुसले. इतक्या दिवसांनी ते खुर्चीत ताठ बसले होते.

“बघ, वाघ होता आपला पोरगा! असंच लिहिलं होतं ना गं त्याने?”

काकूंना सगळं पत्र तोंडपाठ होतं. त्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “असंच.”

मग आत जाऊन त्यांनी दोरीवरचे काकांचे मोजे चाचपले. अजून ओलेच होते.