शुक्रवारचा शेरा

रंजिता म्हात्रेचा कर्जाचा अर्ज नामंजूर झाला. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही. तिनेही नाही, म्हणून तर ती डिकीत फाइल टाकून कामोठ्याहून स्कूटीवर तळोज्याला निघाली आहे.

तळोज्यात तिचा गाळा. पंपांचे रबरी वायसर बनतात. रबर दाबून वायसर काढणारा प्रेस एकच. दुसरा आला तर पंपवाल्यांची मोठी ऑर्डर टिकेल, नाहीतर महिनाअखेरीस ती दुसरीकडे जाईल. प्रेससाठी कर्ज हवं, कर्जासाठी बँकेची पाहणी हवी, आणि पाहणीवाले प्रणय साहेब फिरतीवर निघतात फक्त शुक्रवारी. शुक्रवारी गल्लीतल्या कारखान्यांना सुट्टी, वीजही बंद.

गेल्या शुक्रवारी साहेबांनी थंड प्रेसवर हात ठेवला आणि शेरा लिहिला, ‘युनिट बंद आढळले.’

"साहेब, आज शुक्रवार आहे."

"फॉर्ममध्ये वाराचा रकाना नाही, मॅडम."

"मग सोमवारी या ना."

"सोमवार ते गुरुवार मी शुक्रवारचे रिपोर्ट लिहितो."

साहेब निघून गेले.

"ताय, जनरेटर भाड्यान आनू," तिचा म्हातारा ऑपरेटर चांगदेव म्हणाला होता. "साहेबाला चालू मशीन बगायची हाय ना? दाखवू."

आणला. आज प्रेस चालू होता, चांगदेव लग्नातला शर्ट घालून उभा होता. साहेबांनी गरमागरम वायसर हातात घेतला, कौतुकाने फिरवून बघितला, आणि लिहिलं, ‘साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी विनापरवाना उत्पादन चालू.’

"गेल्या वेळी बंद होतं म्हणून लिहिलंत," रंजिता म्हणाली.

"तेही फाइलला आहे. एकच शेरा असता तर विचार झाला असता. दोन झाले की वरून नामंजूरच येतं."

चांगदेवने जनरेटर बंद केला. "आता काय, ताय?"

"चहा टाका. तीन कप."

साहेबही थांबले. त्यांना शेजारचा गाळा बघायचा होता, पण तो बंद होता.

चहा होईपर्यंत रंजिताने फाइलचं शेवटचं पान उघडलं. ‘अर्जदाराचे म्हणणे’ याखाली तीन ओळी रिकाम्या होत्या. तिने पेन झटकलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘तरी पाहणीपुरता, आणि फक्त आमच्या गाळ्याच्या चार भिंतींच्या आत, येणारा शुक्रवार हा गुरुवार म्हणून ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती.’